रूपांतरातला शेवट

विश्रांतवाडीत आमच्या घरामागच्या गल्लीत बुद्धविहार आहे. त्याच्या वरच्या खोलीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी काही माणसं एका पुस्तकावर बोलायला जमतात. जगातल्या एखाद्या नामवंत लेखकाची सर्वात गाजलेली कादंबरी घ्यायची, मराठी अनुवादात वाचायची आणि वाचून झाली नसेल तर चर्चेत गप्प बसायचं, असा नियम आहे. त्यातला शेवटचा भाग कोणी पाळत नाही.

वृत्तपत्राच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तिथे जाऊ लागलो. मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक पुस्तकं निवडतात. हिंजवडीत नोकरी करणारी एक तरुण इंजिनिअर मुलगी नेहमी येते. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका आहेत, त्यांना सगळे ताई म्हणतात. चहा त्यांच्याकडे असतो. ताई मूळच्या विदर्भातल्या. पुण्यात त्यांचं पुढचं सगळं आयुष्य गेलं आणि बोलणंही इथलंच झालं. फक्त मनाविरुद्ध काही घडलं की त्यांच्या तोंडून ‘का’च्या जागी ‘काहून’ निघतं.

एका रविवारी प्रत्येकाने आपल्यावर परिणाम केलेल्या पुस्तकाबद्दल सांगायचं ठरलं. ताईंनी सांगितलं ते असं. लग्न झालं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. सासर तालुक्याच्या गावी. नवरा मारायचा नाही, पण बोलायचाही नाही.

“वर्ष झालं तरी मला नावानं हाक मारली नव्हती. घराच्या मागेच विहीर होती, आणि माझं लक्ष सारखं तिकडे जायला लागलं होतं,” ताई म्हणाल्या. “शेजारी एक शिक्षिका राहायच्या. त्यांनी एक पुस्तक वाचायला दिलं. त्यातला नवराही असाच. जेवण झालं की नुसता अडकित्ता वाजवत बसायचा. शेवटी ती बाई नदीच्या पुलावर जाते, बांगड्या काढून कठड्यावर ठेवते. आणि मग परत हातात घालते. मामाकडे जाते, नर्सिंग शिकते. मीही तेच केलं.”

“नर्सिंगसुद्धा पुस्तकातलंच?” इंजिनिअर मुलीने विचारलं.

“सगळं पुस्तकातलं. माझ्या डोक्यात कुठे एवढी अक्कल होती?”

प्राध्यापकांनी लेखकाचं नाव विचारलं.

“पहिली पानं नव्हतीच. उंदरांनी खाल्ली होती. शेवटची शाबूत होती, ते नशीब.”

ते पुस्तक त्यांनी शिक्षिकेला परत केलं होतं आणि नंतर कुठेच पाहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यासाठी प्राध्यापकांनी एक जुनी, फार प्रसिद्ध परदेशी कादंबरी निवडली. अनुवाद नवा आणि संपूर्ण होता. मी निम्म्यावर आलो तेव्हा नायिकेचा नवरा जेवणानंतर खिशातल्या घड्याळाचं झाकण उघडत-मिटत बसला होता. शेवटच्या प्रकरणात ती पुलावर गेली, हातमोजे काढून तिने कठड्यावर ठेवले. इथे मला अडकित्ता आणि बांगड्या आठवल्या. ताईंचं पुस्तक हेच होतं. फरक एवढाच, की इथे ती परत फिरत नाही. हातमोजे कठड्यावर राहतात आणि कादंबरी संपते.

आपल्याकडे एके काळी परदेशी कादंबऱ्यांचा अनुवाद कमी आणि रूपांतर जास्त होत असे. लेखक कथानक उचलत, माणसांना मराठी नावं देत, बर्फाच्या जागी पाऊस पाडत, पावाची भाकरी करत. कोणी ‘आधारित’ असं छापत, कोणी तेही नाही. अशाच कोणा रूपांतरकाराने घड्याळाचा अडकित्ता केला होता, हातमोज्यांच्या बांगड्या केल्या होत्या आणि तिथवर आल्यावर शेवटही बदलला होता. एका एकोणीस वर्षांच्या मुलीने तो खरा मानला आणि त्यावर आयुष्य उभं केलं.

मी घरी हे सांगितलं.

“अहो, मग तुम्ही आता दुरुस्ती छापणार का?” पत्नीने विचारलं.

“रविवारी सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.”

“सांगा. पण बातमी सांगितल्यासारखं सांगू नका.”

मी गेलो तेव्हा ताई मेथी निवडत बसल्या होत्या. मला दुसरी कुठलीही पद्धत येत नसल्यामुळे मी बातमी सांगितल्यासारखंच सांगितलं. पुढच्या रविवारचं पुस्तक तुमचंच आहे, मूळ लेखकाने त्या बाईला मारलं आहे, परत आणलं ते मराठी लेखकाने.

ताईंचा हात थांबला नाही.

“काहून?” त्या म्हणाल्या.

मारलं का, की परत आणलं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

“पुस्तक ठेवून जा, पत्रकार,” एवढंच त्या पुढे बोलल्या.

त्यानंतर संध्याकाळी रस्त्यावर दिसणाऱ्या ताई दिसेनाशा झाल्या. आपण एका माणसाचं एकुलतं एक पुस्तक काढून घेतलं, असं मला वाटत राहिलं.

रविवारी त्या चहाचा थर्मास घेऊन वेळेवर आल्या. प्राध्यापकांनी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. ते चांगलं वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. मग ताईंनीच सांगितलं, की त्यांची कादंबरी ती हीच. प्राध्यापकांना नवल वाटलं, आणि थोडा रागही आला.

“पण ही मूळ कृतीची फसवणूक झाली,” ते म्हणाले. “शेवट बदलणं म्हणजे लेखकाने जे सांगितलं तेच पुसून टाकणं.”

“सर, मूळ कृती आधी हातात पडली असती तर आज तुम्हाला चहा कोणी दिला असता?”

प्राध्यापकांच्या हातात कप होता. तो त्यांनी खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

“लेखकाचं काही चुकलेलं नाही,” ताई म्हणाल्या. “अशा बाया मी वॉर्डात पाहिल्या आहेत. त्या जातात तेव्हा अशाच जातात. त्याला हे कसं कळलं असेल, याचा मी दोन दिवस विचार केला. फार मोठा माणूस. पण आपल्या त्या मराठी माणसाला तिला तिथे पुलावर सोडून घरी जाववलं नसेल. मला तर दोघांच्याही पाया पडावंसं वाटतंय.”

वृत्तपत्रात चूक झाली की आतल्या पानावर दिलगिरी छापतात. एखाद्या चुकीबद्दल आभार मानायचे झाले तर त्याला जागा नसते. तो रूपांतरकार कोण होता, हे शोधायचा मी प्रयत्न केला. जुन्या ग्रंथालयांत विचारलं, जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना विचारलं. नाव मिळालं नाही. म्हणून हे इथे लिहीत आहे.

“ताई, तुमच्या पुस्तकातला शेवट सांगा ना,” त्या रविवारी चर्चा संपता संपता इंजिनिअर मुलगी म्हणाली. “नीट, पहिल्यापासून.”

ताईंनी सांगितला. पुलावरून ती बाई चालत निघते. दिवस मावळताना मामाच्या दारात उभी राहते. मामा दार उघडतो, तिच्याकडे बघतो आणि एकच प्रश्न विचारतो, “जेवलीस का?” तिथे पुस्तक जवळजवळ संपतं. नर्सिंगचं पुढे अर्ध्या पानात येतं.

“आणि तुमच्या मामांनी काय विचारलं?” मुलगी म्हणाली.

“माझ्या मामानं कुठे पुस्तक वाचलं होतं?” ताई म्हणाल्या. “त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, ‘काहून आलीस?’ मी दारातच उभी. काय उत्तर द्यावं ते पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात मामी आतून ओरडली, ‘अहो, तिला आत तर येऊ द्या, भात टाकलाय मी.’”