टाकलं ते काढायचं नाही

वांगी घ्यायची तर पार्बताबाईकडून, हे अकोल्याच्या जुन्या शहरात कुणाला सांगावं लागत नसे. मोर्णेच्या काठी तिच्या नवऱ्याची, सहदेवची, दीड एकर बागायत होती. तिथली वांगी ती भल्या सकाळी बाजारात आणी, निंबाखालच्या आपल्या जागेवर मांडी आणि दुपार व्हायच्या आत टोपली उपडी करून तिच्यावरच बसून भाकर खाई. वांगी शेजारच्या बेबीताईकडेही असत, आणि खरं बोलायचं तर बेबीताईची वांगी दिसायला जास्त देखणी. तरी गिऱ्हाईक वळायचं पार्बताबाईकडेच. तिनं पारड्यात टाकलेलं वांगं पुन्हा टोपलीत जात नसे, एवढंच त्याचं कारण.

बाकीच्यांची तऱ्हा आपल्याला ठाऊकच आहे. ओंजळभर माल धाडकन टाकायचा, वजन जास्त झालं की एकेक नग उचलून परत घ्यायचा. परत जाणारं वांगं नेमकं सगळ्यात चांगलं असतं, आणि ते जाताना पाहून भल्याभल्यांचं तोंड उतरतं. पार्बताबाई मात्र एकेक वांगं टाकी. वजन भरत आलं की टोपलीच्या कडेला मुद्दाम वेगळी ठेवलेली बारकी वांगी, लिंबाएवढी, एकेक करून सोडी. तरीही काटा पुढे सरकलाच तर म्हणे, "जाऊ द्या, तुमच्या नशिबाचं. टाकलं ते मी काढत नाई." हे वाक्य बाजारानं इतक्या वेळा ऐकलं होतं की पोरंटोरं गोट्या खेळतानाही म्हणत.

लोकांना वाटे, बाई मोठी दिलदार. आता पार्बताबाई कंजूष नव्हती हे कबूल, पण कोथिंबिरीची एक काडी फुकट मागून पाहावी! ती मागणाऱ्याच्या आजोळापर्यंत जाऊन पोचायची. न काढण्याचं मूळ तिच्या दिलात नव्हतंच. ते होतं तिच्या काट्यात.

बाजारात सगळ्यांकडे दोन पारड्यांचे तराजू होते. पार्बताबाईकडे होता कमानीचा काटा. वर टांगायची कडी, मधे काचेआड गोल तबकडी आणि एक लांब काटा, आत ओझ्यानं ताणणारी लोखंडी कमान, खाली साखळ्यांवर लोंबणारं एकच पारडं. बाजार त्याला 'घड्याळ' म्हणे. एका जिनिंग कारखान्याच्या मोडीतून सहदेवनं तो दोन टोपल्या वांग्यांच्या बदल्यात उचलून आणला होता. त्यावरचे आकडे पार पुसले गेले होते. पण सहदेव हुन्नरी माणूस. त्यानं शिक्क्याची वजनं मागून आणली, काटा बागेतल्या आंब्याला टांगला, पारड्यात एक शेर ठेवला आणि काटा थांबला तिथं रंगाची रेघ ओढली. दुसरा शेर, दुसरी रेघ. अशा दहा शेरांच्या दहा रेघा काढून तो मिशीला पीळ देत मागे सरला.

मग तो वजनं काढायला लागला आणि मिशी खाली आली. पाच शेर काढले, पाच राहिले, पण काटा पाचाच्या रेघेवर येईना. आतपाव, म्हणजे पावशेराच्या निम्मं, पुढेच उभा. सहदेवनं सगळं रिकामं केलं, पारडं झटकलं, काटा शून्यावर आला. पुन्हा एकेक शेर टाकला, तर रेघ न् रेघ बरोबर. पुन्हा काढायला लागला, तर पुन्हा आतपाव पुढे. सूर्य माथ्यावरून कलला तरी त्याचा हाच खेळ चालू. शेवटी तो कपाळाला हात लावून म्हणाला, "हे घड्याळ जाताना येका रस्त्यानं जाते आन् येताना दुसऱ्याच. वांगी वाया गेली आपली."

पार्बताबाईच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ती इतका वेळ बांधावर बसून पाहत होती.

"मंग आपन येऊच नये," ती म्हणाली. "जातानाच मोजू."

सहदेव तिच्याकडे पाहतच राहिला. बारा वर्षांनीही ही गोष्ट सांगताना त्याचे डोळे तसेच व्हायचे.

कारण तिनं बरोबर ओळखलं होतं. पारडं जास्त भरून मग काढत काढत पाच शेरांच्या रेघेवर आणलं, तर काटा पाच दाखवील आणि पारड्यात असेल आतपाव कमी. म्हणजे गिऱ्हाईक फसलं. रिकाम्यापासून एकेक टाकत गेलं तर काटा सत्यवचनी. म्हणून टाकायचं, काढायचं नाही. पुढचं गिऱ्हाईक आलं की पारडं रिकामं करून झटकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून टाकायचं. बारा वर्षं हाच नेम.

आणि काट्याचं तेच बाईचं. पार्बताबाई तापायची एका रस्त्यानं आणि निवायची दुसऱ्याच. एकदा बेबीताईनं आपली टोपली वीतभर निंबाच्या सावलीत सरकवली, त्यावरून भांडण पेटलं. बेबीताईनं दुसऱ्याच दिवशी टोपली वीतभर मागे घेतली. हिशेबानं भांडण तिथं मिटायला हवं. पण छे! टोपली चांगली दोन हात मागे, रणरणत्या उन्हात गेली, तेव्हा कुठं पार्बताबाई म्हणाली, "बेबीताई, पानी पेता का?" त्यानंतर दोघींचं असं जमलं की बेबीताईला शिंक आली तर ओवा पार्बताबाई शोधी.

अशी सुखात बारा वर्षं गेली. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले, आणि त्या हिवाळ्यात, भरताच्या ऐन हंगामात, वजनमापं तपासायला तिकडून एक तरुण साहेब आला. हेमचंद्र त्याचं नाव. माणूस सरळ होता, पण नवा होता, आणि नव्या माणसाला प्रत्येक ठिकाणी चोर दिसतो. लाकडी पेटीत चकचकीत पितळी वजनं घेऊन तो ओळीनं निघाला. बेबीताईच्या तराजूवर शिक्का बसला. मग तो निंबाखाली आला.

त्यानं घड्याळाच्या पारड्यात एकदम दहा शेर ठेवले. काटा दहावर. पार्बताबाईनं ऐटीत पदर सारखा केला. साहेबानं पाच शेर उचलून घेतले, वाकून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. आणखी तीन उचलले, पुन्हा पाहिलं.

"बाई, तुमचा काटा जास्त दाखवतो. म्हणजे गिऱ्हाइकाला माल कमी जातो."

आजूबाजूचे भाजीवाले उठून निंबाखाली गोळा झाले. त्या बाजाराची भाजीवाल्यांनी स्वतःच घालून घेतलेली एक रीत होती. ज्याचा काटा खोटा, त्याची जागा गेली. निंबाखालच्या त्या जागेवर पार्बताबाईच्या आधी तिची सासू मनकर्णाबाई तीस वर्षं बसली होती, आणि मरताना तिनं सुनेच्या हाती दुसरं काही दिलं नव्हतं, ही जागा आणि बाजारातलं नाव एवढंच दिलं होतं. पार्बताबाई टोपली सोडून पुढे आली.

"सायेब, काढून काहून पाहाता? टाकून पाहा ना!"

"पाच शेर म्हणजे पाच शेर, बाई. टाकून काय आणि काढून काय?"

कुठल्याही शहाण्या माणसानं हेच म्हटलं असतं. एवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हनूनच काढत नवती! काढलं असतं तं उघडं पडलं असतं!" ते मात्र पार्बताबाईच्या काळजाला लागलं. बारा वर्षांचं इमान एका वाक्यात उलटं टांगलं गेलं. एरवी अशा माणसाची तिनं पुरती सालं काढली असती, पण त्या दिवशी ती नुसती घड्याळाचं पारडं पदरानं पुसत राहिली.

पुढे आली ती बेबीताई. "सायेब, बारा वरसं मी इच्या बाजूले बसून राह्यली. हे बाई भांडखोर हाय, हट्टी हाय, सावलीसाठी जीव घेते. पन चोर नाई. इची जागा जात असन तं माही बी घ्या!"

आणि त्याच वेळी हायस्कुलात शास्त्र शिकवणारे हरिहर मास्तर पिशवी घेऊन भरताची वांगी घ्यायला आले. मास्तर म्हणजे बाजारात आले तरी अर्धे वर्गातच असायचे. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि साहेबाला म्हणाले, "एक मिनिट. या बाई म्हणतात तसं करून बघायला आपली हरकत आहे का?"

साहेबाची हरकत नव्हती. मास्तरांनी पारडं रिकामं केलं. पार्बताबाईनं पुढे होऊन ते झटकलं, कारण मास्तरांना काय माहीत झटकायचं असतं ते. मग एक शेर, दोन, तीन, चार, पाच. काटा पाचाच्या रेघेवर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आणखी पाच टाकले. दहा. मग पाच काढले. काटा आतपाव पुढे! मास्तरांनी पुन्हा रिकामं केलं, पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. चौथ्या खेपेला तर ते चक्क टाळ्या पिटायला लागले.

"अहो, वीस वर्षं मी हे पोरांना फळ्यावर काढून दाखवतोय! एकालाही पटलं नाही, आणि हे इथं निंबाला टांगलंय! साहेब, ही जुनी कमान आहे. ओझं पडलं की ताणते, पण ओझं उतरलं तरी लगेच सगळं विसरत नाही. थोडं मागचं धरून बसते. किती ओझं आहे एवढंच विचारून भागत नाही. आधी जास्त होतं की कमी होतं, तेही विचारावं लागतं. इंग्रजीत याला हिस्टरेसिस म्हणतात."

"काय म्हनते?" पार्बताबाईनं विचारलं.

"हिस्टरेसिस."

"हट्टच म्हना ना मंग सरळ! आमच्यात त्याले हट्टच म्हनते."

पहिली बेबीताई हसली. साहेब हसला नाही. तो विचार करत होता, आणि विचार करणारा साहेब बाजारानं फारसा पाहिलेला नव्हता. जरा वेळानं तो गर्दीकडे वळला.

"या काट्यानं फसवायचंच असेल, तर पारडं आधी जास्त भरून मग काढावं लागेल. या बाईंनी पारड्यातून एकदा तरी काही काढलेलं तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?"

माना इकडून तिकडे हलल्या. मग गोट्या खेळणाऱ्या पोरांतून एक बारीक आवाज आला, "टाकलं ते मी काढत नाई!" आणि सगळा बाजार एका सुरात ओरडला, "टाकलं ते मी काढत नाई!" मघाशी टोमणा मारणारा सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. पार्बताबाई हसत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती, आणि दोन्ही एकदम करताना तिची तारांबळ होत होती.

साहेबानं कागदावर लिहिलं, 'काटा सदोष, बाई निर्दोष', आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं. जागा राहिली, नाव राहिलं. पण घड्याळावर शिक्का मारणं काही त्याच्या हातात नव्हतं. जाता-येता सारखं न बोलणारा काटा कायद्याला चालत नाही. ते घड्याळ मास्तर पोटाशी धरून शाळेत घेऊन गेले. सहदेव त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत पोचवून आला. मास्तरांना नव्हे, काट्याला.

आठ दिवसांनी पार्बताबाई दोन पारड्यांचा कोरा तराजू घेऊन निंबाखाली बसली. सहदेवही आज कौतुकानं शेजारी बसला होता. साहेब पुन्हा आला. त्यानं वजनं टाकून पाहिली, काढून पाहिली, तराजूवर शिक्का मारला आणि पिशवी पुढे केली.

"एक शेर वांगी द्या. आज नागपूरला परत चाललोय, आईनं भरतासाठी मागितलीत."

पार्बताबाईनं एका पारड्यात शेर ठेवला आणि दुसऱ्यात एकेक वांगं टाकायला लागली. बारकी वांगी आली, एक टाकलं, दुसरं टाकलं, आणि वांग्यांचं पारडं दणदिशी खाली बसलं.

"जास्त झालं, बाई. काढा एक," साहेब म्हणाला. "हा काटा खरा आहे. याच्यातून आता खुशाल काढता येतं."

"हो ना," सहदेव म्हणाला. "आता तं येताना बी मोजता येते."

पार्बताबाईचा हात पारड्याकडे गेला. बोटं बारक्या वांग्याच्या देठाला लागली. हात तिथंच थांबला, आणि थोड्या वेळानं रिकामाच परत आला. तिला स्वतःलाच हसू फुटलं.

"सायेब, घड्याळातली कमान तं मास्तर घेऊन गेले," ती म्हणाली. "माही काय, अजून इथंच हाय."

आणि वर आणखी एक वांगं तिनं पारड्यात टाकलं, तुमच्या आईसाठी म्हणून. साहेबानं सवयीनं खिशातला तपासणीचा छापील कागद काढला. पण जास्त दिलं तर काय लिहायचं, हे त्यात कुठंच छापलेलं नव्हतं. त्यानं कागद परत खिशात ठेवला आणि पिशवी उघडून धरली.