निळ्या पेनाचं वळण

बाबा गेले तो मंगळवार होता. पंधरा दिवसांनी मी वर्ध्याला कॉलेजात परतले. तिथे मी शरीररचना शिकवते. त्या दिवशी छातीच्या मधल्या पोकळीचा तास होता. फळ्यावर महाधमनीची कमान काढायला निळा खडू उचलला आणि हात थांबला.

डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला असताना, सेलूच्या घरी, एका रविवारी दुपारी मी बाबांच्या उघड्या छातीवर निळ्या बॉलपेनने हेच काढलं होतं. पेनाच्या शाईला त्यांच्या घामाचा आणि दुकानातल्या कोऱ्या कापडाचा वास लागला होता. कमानीसोबत आवाजाची डावी नसही काढली होती: ती गळ्यातून छातीत उतरते, कमानीखालून वळते आणि पुन्हा गळ्याकडे चढते.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या ना, पोरी! गळ्यातच जायचं होतं, त छातीत काऊन आली थे?"

"सगळ्यांचीच येते, बाबा. हलू नका."

"म्हंजे माह्यासारखीच हाय. दुकान बंद केलं का बजाराले चक्कर मारून मंगच घरी."

मागच्या वर्षी फोनवर त्यांचा आवाज घोगरा येऊ लागला. मी म्हटलं, मिठाच्या गुळण्या करा. माझ्या शब्दावर ते तीन महिने करत राहिले. शेवटी तपासलं तेव्हा त्या नसेवर दाबणारी गाठ कमानीखाली निघाली, माझं पेन वळलं होतं तिथेच.

ती दुपार मला इतकी वर्षं गमतीची वाटायची. आता वाटतं, समजून घ्यायला ते विचारत होते, मी फक्त पाठ करत होते.

आता एसटीत शेजारच्या कुणाचा आवाज घोगरा ऐकू आला, की ओळख नसतानाही मी विचारते, "किती दिवस झाले?"