सरांनी सूर मारायला का शिकवलं नाही

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली. त्या वर्षी सुगी झाली ती फक्त पाट्या रंगवणाऱ्यांची. उदगीरच्या कचेऱ्यांवरचं ‘उस्मानाबाद’ खोडून ‘लातूर’ लिहायचं होतं. आमच्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाच्या जर्सीवरही तेच नाव छापून आलं आणि आम्ही जिल्ह्याच्या लेकी झालो. ‘लेकी’ हा शब्द संस्थेच्या अध्यक्षांचा. तालुक्यात टंचाई पाण्याची होती. त्यांना शब्दांची कधी भासली नाही.

खो-खोच्या मैदानाला रोज पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. नाहीतर सूर मारता येत नाही, म्हणजे पळणाऱ्या गड्यावर आडवं झेपावून त्याला बाद करता येत नाही. आमचं मैदान तव्यासारखं तापलेलं, खडे वर आलेले. खेळाच्या सरांनी मुख्याध्यापकांकडे दोन पिंपं पाणी मागितलं.

“सर, पोरी प्यायला घरून बाटल्या आणायल्यात, आन् तुम्ही मातीला पाजता?”

सर परत आले, म्हणाले, “बरोबर हाय त्यांचं. आजपासून सूर बंद.”

“मग गडी काय हाक मारून बोलवायचा का सर?” आमच्यातली एक म्हणाली.

“आधी डोळ्यानं मारायचा, हात मागून. आन् गुडघा फुटला तर धुवायला पाणी तुझा बाप आणणार हाय का?”

मग त्यांनी आम्हाला नजर शिकवली. समोरचीची टाच कुठं वळते, खांद्यावरून ती कुठं पळणार, खो कधी रोखून धरायचा. सहा महिने आम्ही उभ्यानं गडी मारत राहिलो आणि विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो.

सामना नांदेडला होता. तिथल्या मैदानावर पाऊल टाकलं तर ठसा उमटत होता. आमच्यातल्या दोघी खाली वाकून ती ओली माती हातात घेऊन बघत बसल्या. शेवटच्या मिनिटाला एक गडी बाद करायचा राहिला होता. ती माझ्यापुढं हातभर अंतरावर होती. झेपावले असते तर मिळाली असती. अंग पुढं गेलंच नाही. एका गुणानं हरलो.

आठवड्यानं अध्यक्षांनी संघाची कर्णधार म्हणून मला बोलावलं. टेबलाशी चौघं बसले होते. सर भिंतीपाशी उभे.

“बाळ, घाबरू नको. सर तुम्हाला सूर मारायला शिकवत होते का?”

“न्हाई.”

“एकदाबी?”

“एकदाबी न्हाई.”

उत्तर खरं होतं. का नाही, हे कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. महिनाअखेर त्यांना काढलं.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. मैदानाला पाणी मिळालं, नवे सर आले, त्यांनी सूर शिकवला आणि त्याच नऊजणी जिंकलो. जिंकताना बहुतेक गडी आम्ही उभ्यानंच मारले होते, हे मोजायला कुणाला सवड नव्हती. सत्कारात अध्यक्ष म्हणाले, मार्गदर्शक बदलला आणि निकाल बदलला. पाऊसही बदलला होता, पण त्याला हार घालायची सोय नव्हती.

पुढं मी नांदेडला सरकारी नोकरीत लागले. बऱ्याच वर्षांनी वसतिगृहांच्या तपासणीला किनवटकडे गेले. रानातल्या एका शाळेच्या मैदानाच्या कडेला वाळूचा लांबट खड्डा होता. मुली त्यात एकामागून एक सूर मारत होत्या. खड्ड्याच्या टोकाला आमचे जुने सर बसलेले होते. पार वाळलेले, गळ्यात शिट्टी.

त्यांनी मला ओळखलं. मी इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी अध्यक्षांपुढं मी पाण्याचं सांगायला पाहिजे होतं. आम्ही तुमच्याच शिकवण्यावर जिंकलो. त्यांनी तुमच्यावर अन्याय केला.

सर शांतपणे ऐकत राहिले. आमंत्रणपत्रिका वाचून दाखवणाऱ्याचं ऐकावं तसं.

“त्या साली नदी कोरडी पडली होती,” ते म्हणाले. “मैलभर नुसती वाळू. पोरींना तिथं न्यायचं मला सुचलं न्हाई. नोकरी गेल्यावर सुचलं. काढलं ते बरोबरच केलं त्यांनी.”

“सर, वाळू तर कुणालाच सुचली नव्हती.”

“त्यांना सुचायचं कारण न्हाई. शिकवायचा पगार मी घेत होतो.”

मी आणखी बरंच बोलले. नांदेडला आणखी दोन संघ कोरड्या मैदानावरून आले होते, ते पहिल्याच फेरीत गेले. आम्ही अंतिम सामना खेळलो, तो कुणामुळं? सर मान हलवत होते, पण ती विद्यार्थिनीचा मान राखण्यापुरती. चौघांनी टेबलाशी बसून अर्ध्या तासात जे ठरवलं होतं ते सरांनी कधीच खरं मानून टाकलं होतं, आणि त्याला साक्ष माझी होती.

तेवढ्यात एक मुलगी वाळूत पडून उठली. सर हळूच उठून तिच्याजवळ गेले आणि वाकून तिचे दोन्ही गुडघे नीट बघितले. मग तिथूनच मला विचारलं, “तुझे गुडघे कसे हायत ग?”

“चांगले हायत सर,” मी म्हणाले. “एकबी वण न्हाई.”

“असू दे,” ते म्हणाले आणि पुढच्या मुलीला शिट्टी दिली.