लीलाबाईच्या गाडीतलं गाणं

लोक म्हणतात, लीलाबाई त्या स्पीकरच्या दणक्यानं गेली. तेरवीच्या पंगतीत मी माझ्या कानांनी ऐकलं. एक बाई भात वाढता वाढता दुसरीला सांगत होती, "गाडीत एवढं मोठं वाजवे, छातीले सोसलं नसन." दीड महिना मी गप्प राहिले. आता सगळ्यांना एकदाच लिहून सांगते... खोटं आहे ते. लीलाबाई, म्हणजे माझी धाकटी नणंद, संग्रामपूरला स्वतःच्या स्वयंपाकघरात, सकाळी सातला, चहा गाळताना गेली. गाडी बाहेर बंद उभी होती. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी इकडे वडनेरला ओट्यावर तुरी पाखडत होते. सूप हातातच राहिलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. माझ्या सासूबाईंचंही असंच झालं होतं, आणि त्या माउलीनं तर आयुष्यात कधी रेडिओचं बटणसुद्धा फिरवलं नव्हतं.

तेरवी आटोपली न् आटोपली, आमच्या ह्यांनी दुसरा विषय काढला. लीलाबाईला मूलबाळ नाही, तेव्हा गाडी भावाकडे आली, आणि भावाला ती विकायची होती. तीही आहे तशी नाही. "आधी थे पेटारे उपटून टाकू," हे म्हणाले, "नाही तर घेणारा हसन आपल्याले." पेटारे म्हणजे तिचे स्पीकर. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच, पण ती गाडी आणि ते गाणं कसं जमून आलं ते आधी ऐका, म्हणजे मी एवढी का पेटले ते कळेल.

लीलाबाई नर्स होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये लसीची पेटी खांद्याला लावून तिनं उभी नोकरी काढली. लग्न झालं नाही, आणि तिनं ते मनाला लावूनही घेतलं नाही. कधी एसटी, कधी काळीपिवळी, कधी कुणाचा टेम्पो. ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसायचं आणि तो लावील ते ऐकायचं. रिटायर झाली तशी गाडी शिकली आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. तिच्यातला टेप मुका होता. तो बदलायचा म्हणून ती खामगावला निघाली, मला सोबत घेऊन. खोटं कशाला बोलू, तेव्हा मीही म्हटलं होतं, "लीलाबाई, ह्या वयात गाणे कायले पाह्यजे? देवाचं नाव घ्या." तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. म्हणाली, "वैनी, आतापर्यंत ड्रायव्हरच्या आवडीचे गाणे ऐकले. आता ड्रायव्हर मी आहो."

खामगावात मुश्ताकभाईंचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान. त्यांनी आधी भला मोठा वूफर दाखवला, लग्नातल्या परातीएवढा. "सगळे हाच नेतात, आपा. गाडीची काच हालते." लीलाबाई म्हणाली, "मले काच नाही हालवायची, भाऊ. गाणारी बाई दम कुठं घेते, थे मले ऐकू आलं पाह्यजे." पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात तिनं परीक्षेची गाणी भरून आणली होती. एक नुसत्या बाईच्या आवाजातलं, एक सनईचं, एक कव्वाली. दुकानातल्या फळीवर एकेक स्पीकर लावून दोन तास ऐकले. कव्वालीतल्या टाळ्यांशी येऊन अडायची... "नाही हो, हे टाळ्या नाही, कोणी पापड मोडून राह्यलं." मोठ्या पडद्याचा डेक तिनं हातानं बाजूला सारला. गाडी चालवताना रस्ता पाहू का पडदा? तिला गोल बटणाचा हवा होता, न पाहता बोटाला सापडणारा. अशा तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळेस मुश्ताकभाई मला हळूच म्हणाले, "आपाचे कान आहेत का स्टेथोस्कोप?" शेवटी दारांत मध्यम स्पीकर, काचेच्या कोपऱ्यांत दोन बारके, आणि सीटखाली मावेल एवढासा वूफर. बस.

आता माझी चूक सांगते. मुश्ताकभाई म्हणाले होते, दारं आतून पोकळ असतात, पत्रा बोंबलतो, आत डांबरासारखी चिकट चादर लावून घ्या. मी पडले कापूसवाली. मी म्हटलं, "चादर कायले? आपल्या घरी कापसाची खोली भरली आहे." लीलाबाईलाही पटलं. आम्ही दोघींनी अंगणात बसून दारांचे आतले पत्रे खोलले आणि गादी भरावी तसा सरकीसकट कापूस ठासून भरला. आवाज काय सुरेख झाला म्हणता! दोघी खुशीत. मग पावसाळा आला. काचेचं रबर जुनं, पाणी आत झिरपलं, कापसानं ते पिऊन घेतलं. आधी वास सुटला, मग काच अडकली, आणि ती आमच्याकडे मुक्कामाला असताना एके सकाळी पाहते तर डाव्या दाराच्या फटीतून दोन पानांचा हिरवागार कोंब वर आलेला... गाडीला सरकी उगवली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लीलाबाई मात्र ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. गाडी तशीच दुकानात नेली. मुश्ताकभाईंनी कोंब पाहिला, कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, "आपा, निंदाले बाया लावू का?" मग मुकाट्यानं ती चादर लावून घेतली.

ही गोष्ट पसरली आणि त्यातूनच तिला हौशी गाडीवाल्यांचं बोलावणं आलं. खामगावच्या बाहेर एका मैदानावर महिन्यातून एका रविवारी सकाळी हे लोक जमतात. गाड्या जमिनीला टेकलेल्या, डिक्कीत सामानाऐवजी स्पीकरच्या भिंती, आणि जो तो दुसऱ्याच्या गाडीत डोकं घालून उभा. मलाही घेऊन गेली. आम्ही दोघी नऊवारीतल्या उतरलो तशी एका पोट्ट्यानं आवाज दिला, "मावशी, रस्ता चुकल्या का? हिवरा आश्रम तिकडं राह्यला!" सगळे हसले. लीलाबाई म्हणाली, "आश्रमाले वेळ आहे बापू अजून. तुझं लाव, ऐकू दे काय भरलं त." त्यानं लावलं. ती डोळे मिटून उभी राहिली, मग म्हणाली, "मधात पोकळ वाजते. तुझ्या एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या." तो म्हणे, शक्यच नाही. बाकीच्यांनी त्याला डिवचलं, "पाह्य ना बे, मावशी म्हणून राह्यली त!" त्यानं दाराचं झाकण काढलं. वायरी उलट्याच होत्या. त्या फिरवल्या आणि गाणं असं भरलं, की तोच दोन पावलं मागं सरकला. त्या दिवसापासून नवीन काही बसवलं की पोट्टे आधी तिला हाक मारायचे, "मावशी, कान द्या जरा." सगळ्या गाड्यांमध्ये तिची गाडी सर्वांत कमी वाजायची, आणि तिच्याभोवती गर्दी जास्त असायची.

मोठ्यानं लावायची का? लावायची. मोकळ्या रस्त्यावर लावायची, आणि मीही सोबत गायचे. पण दवाखाना दिसला की बोट बटणावर जायचं. शाळा दिसली की जायचं. कुणाच्या दारात मयताची माणसं दिसली, तर गाडीच हळू व्हायची. गणपतीच्या मिरवणुकीत बाळंतिणीच्या खिडकीखाली तासतास भोंगे लावणाऱ्यांना ह्या गावात कुणी नावं ठेवत नाही. एका रिटायर बाईनं स्वतःच्या गाडीत काचा लावून गाणं ऐकलं, तर ते तिच्या छातीला बाधलं म्हणे!

गेल्या आठवड्यात घेणारे आले. मोताळ्याकडचे गृहस्थ, बोलायला सभ्य. ह्यांनी त्यांना अंगणात नेलं आणि सांगितलं, "हे डबे काढूनच देतो, उद्या माणूस बोलावला आहे." मी आत चहा ठेवला होता. गॅस बंद केला, खुंटीवरची किल्ली घेतली, बाहेर आले आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. दार आतून लावून घेतलं. लीलाबाईनं गाडी सुरू करायला तेवढं शिकवलं होतं. ती केली. आणि कव्वाली लावली, आमच्या घराच्या कौलांपर्यंत जाईल एवढी.

ह्यांनी काचेवर टकटक केली. मी बोटभर काच खाली घेतली.

"विमल, उतर खाली. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

"तुले चालवता तरी येते का थे?"

"तुमाले तरी कुठं येते?"

"मंग कायले पाह्यजे तुले गाडी?"

"शिकते ना! अन् यातला एक खिळा जरी कोणी काढला ना, मी इथंच जेवीन, इथंच झोपीन. सांगून ठेवते."

गृहस्थ ह्यांना म्हणाले, "भाऊसाहेब, आधी घरातलं ठरवा," आणि चहा न घेताच गेले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी नांदुऱ्याला जाऊन शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. खिडकीतल्या माणसानं माझं वय दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. सदुसष्ट.

परवाना हातात पडला आणि काल पहिल्यांदा गाडी अंगणाबाहेर काढली. बाजूला शिकवणाऱ्या मॅडम. हे "मी नाही येत" म्हणता म्हणता मागच्या सीटवर येऊन बसले, दाराची कडी घट्ट धरून. फाट्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच गेलो. एक बैलगाडी आमच्या पुढे निघून गेली, तरी मी हार्न वाजवला नाही. फाटा आला तसे हे घसा साफ करून म्हणाले, "माझ्या आवडीचं एखादं लावतं का?"

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. असं विचारून त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. मी आरशात त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हटलं, "पाहू. येताना."