काड्यांनी केलेला आग्रह

गारखेड्यातले आमचे शेजारी भाऊ संध्याकाळी ओट्यावर बसून दोन चिनी काड्यांनी शेंगदाणे उचलत. दाणा निसटला की त्यालाच दटावत, "कुठं पळतो रे?"

"भाऊ, हात संपावर गेले का?" मी हसलो.

"सून चीनची हाय. तिकडं वडीलधारी माणसं काड्यांनं घास उचलून लेकरांच्या ताटात ठेवतेत म्हणं. आपला आग्रह तिला कळाया नको?"

सून पहिल्यांदा घरी आली, त्या दिवशी मीही पंगतीला होतो. ती अवघडून भाकरी मोडत होती. भाऊंनी काड्यांनी वांग्याची फोड उचलली. वाटेत रस्सा सांडला, पण फोड तिच्या ताटात पोहोचली.

तिने चमकून वर पाहिलं. मग ताट पुढे सरकवून म्हणाली, "अजून."

ओट्यावर हसल्याची लाज वाटून मी त्या म्हाताऱ्या हाताकडे बघतच राहिलो.