मिरचीवरचा आळ

सुरतजवळच्या उधन्यात धुरपदाबाईंची खानावळ. कापडाच्या लूमवर राबणारी खानदेशी माणसं पंधरा वर्षं तिथे जेवतात. त्यांच्या तिखटाला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. ठेवलं ते पोटच्या पोराने!

बाईंच्या पोटात सहा महिने जळजळत होतं. गजेंद्रने डॉक्टरला न विचारता परस्पर लॅबमध्ये नेऊन शौचाची तपासणी करून घेतली. जळजळ करणारा जंतू पोटात नाही, असा रिपोर्ट आला. "बघ आई, जंतूबिंतू काही नाही. तुझ्या मिरचीनेच पोट जाळलंय. खानावळ बंद कर आणि गप घरी बस."

घरी बसायला बाई काय म्हाताऱ्या झाल्या होत्या? रिपोर्ट घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "हे खोटं आहे," म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गॅसची गोळी घेता का?"

"घेते की. रोज सकाळी, चहाच्या आधी."

"मग कसा सापडेल! गोळीने जंतू दबून बसतो. दोन आठवडे गोळी बंद, मग श्वासाची तपासणी करू. औषध प्यायचं आणि पिशवीत फुंकायचं. जंतू असला तर श्वासातच कळतो, पोटात दुर्बीण घालायची गरज नाही."

चौदा दिवस! सांगायला सोपं हो. सहाव्या दिवशी भाकरी थापता थापता बाई कळवळून खालीच बसल्या. गजेंद्र गोळी घेऊन धावला, "घे गं, हट्ट सोड." बाईंनी गोळी मोरीत भिरकावली. "मन्ही मिरचीले नाव ठेवू नको!" असं ओरडून पुन्हा परातीशी बसल्या.

पंधराव्या दिवशी बाईंनी पिशवी फुगवली. जंतू निघाला.

गजेंद्रचा चेहरा पडला. "आई, कुणाला सांगू नकोस. जंतू म्हटल्यावर एक माणूस इकडे फिरकणार नाही."

त्याचं खरं होतं. गप्प बसलं तर आळ मिरचीवर राहणार, आणि बोललं तर खानावळच उठणार. पण संध्याकाळी पंगत बसली तशा त्या डाव हातात घेऊन मधोमध उभ्या राहिल्या.

"ऐका रे! माझ्या पोटात जंतू निघालाय. आजपासून औषध सुरू. चौदा दिवस माझी सून जयश्री रांधेल, मी भांड्याला हात लावणार नाही. खायचं त्याने खा, उठायचं त्याने उठा. पण माझ्या मिरचीने काहीही केलेलं नाही!"

मग सुपडूने, पंगतीतल्या सगळ्यात जुन्या माणसाने, ताट पुढे केलं.

"मावशी, आधी भाजी वाढायला सांगा. मग ती फुंकायची जागा सांगा. चार वर्षं झाली, माझंही जळतंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

बाईंचे डोळे भरले. "चार वर्षं तोंड शिवलं होतं का रे, मेल्या!" त्या ओरडल्या. "गोळी खातोस? उद्यापासून बंद कर. आणि पंधराव्या दिवशी फुंकायला मी स्वतः नेते तुला, बघतेच कसा येत नाहीस!"