वर्तणूक : साधारण

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षे टाळली. निवृत्तीच्या समारंभात टाळली, नातवंडांनी शाळेतल्या गमती विचारल्या तेव्हाही टाळली. आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि गमती तर सगळ्या सांगून संपल्या आहेत. उरली आहे ती हीच.

रहिमतपूरजवळच्या एका हायस्कूलचा मी मुख्याध्यापक होतो. एका वर्षी साताऱ्याला आमचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. मुलांना शिक्षा करू नका, चांगल्या वागण्याला उत्तेजन द्या, असे तिथे सांगितले गेले. पटण्यासारखेच होते, शिवाय रोज नाश्त्याला शिरा होता. परत येताच मी योजना काढली. चांगले काम करणाऱ्याला हिरवी चिठ्ठी. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, त्याचे नाव गुरुवारी परिपाठाला फळ्यावर, आणि वर टाळ्या.

पंधरा दिवसांत शाळेत चांगुलपणाला ऊत आला. मुले वहीचे कागद फाडून मैदानात टाकत आणि शिक्षक दिसले की धावत जाऊन उचलत. सापडलेली वस्तू ऑफिसातल्या पेटीत आणून देणाऱ्याला दोन चिठ्ठ्या होत्या, त्यामुळे वस्तू भराभर हरवू लागल्या. आमच्या शिपायाने एक निळी कंपासपेटी माझ्या टेबलावर ठेवली.

"आवं सर, ही आठवड्यात चौथ्यांदा घावली. हिला आता दावं लावून बांधू का?"

मी त्याला सकारात्मक विचार करायला सांगितले.

नववीत एक मुलगी होती. घरचे माण तालुक्याकडचे मेंढपाळ; बाप कळप घेऊन रानोरान फिरायचा, म्हणून पोरगी आमच्या गावात आत्याकडे राहून शिकायची. तिच्या नावावर एकही हिरवी चिठ्ठी नव्हती. वर्गशिक्षिकेने हे मला काळजीने सांगितले होते आणि मीही काळजीने मान हलवली होती.

एका गुरुवारी दहावीतला एक मुलगा रडत आला. फौजेतल्या वडिलांनी सुट्टीवर येताना आणलेले घड्याळ हरवून चार दिवस झाले होते. माराच्या भीतीने तो गप्प बसला होता. मी भर परिपाठात दप्तरे तपासायला लावली. घड्याळ त्या मुलीच्या दप्तरात निघाले, रुमालात नीट गुंडाळलेले.

"कधी सापडलं?"

"सोमवारी. नळापाशी."

"मग पेटीत का नाही टाकलंस?"

"मालक आला न्हाई खूण सांगायला."

मुले हसली. तिला वाटले मला कळले नाही, म्हणून तिने समजावून सांगितले. "सर, चुकलेलं मेंढरू आमच्यात आलं, तर आमी ठिवतो. चारतो, पाजतो. पर कसलं हाय ते बोलत न्हाई. ज्याचं हाय त्यानं यावं, खूण सांगावी, न्यावं. मी वर्गात इचारलं की, कुणाचं काय हरवलंय का म्हणून. सगळ्यांचंच हरवलं हुतं. कुणी पेन म्हनलं, कुणी छत्री."

हे सगळे तिने शांतपणे सांगितले. मी ऐकले नाही. माझ्यापुढे सहाशे मुले उभी होती आणि माझी योजना उभी होती. योजनेत शिक्षा नव्हती, तशी तिची अटच होती. तरी मी तिथल्या तिथे खडू घेतला आणि सन्मानाच्या फळ्यावर तिचे नाव लिहून पुढे लिहिले : वस्तू लपवणे. आठवडाभर ते तसेच राहिले. फळा पुसायचे काम ज्याच्याकडे होते त्याला त्याबद्दल चिठ्ठी मिळायची, पण हे नाव पुसायला मीच मनाई केली होती.

सोमवारी तिचा बाप आला. खांद्यावर घोंगडे, पायांवर धूळ. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"सर, तिनं घड्याळ पेटीत टाकलं असतं, तर तुमी ते कुनाला दिलं असतं?"

"जो माझं म्हणेल त्याला."

"आनि दोघं म्हनलं तर?"

मी म्हणालो, शाळेला शाळेची पद्धत असते. तो म्हणाला, "व्हय, असती," आणि पोरीचा दाखला मागितला. दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. सगळ्यांच्या दाखल्यावर आम्ही तिथे 'चांगली' लिहायचो, शाळेची काच फोडणाऱ्याच्यासुद्धा. तिच्या दाखल्यावर मी माझ्या हाताने 'साधारण' लिहिले.

त्याच महिन्यात पेटीत चांदीचे एक पैंजण आले. परिपाठाला विचारले तर तीन मुली पुढे आल्या. मी तिघींना वेगवेगळे बोलावून विचारले, खूण सांगा. एकीलाही सांगता आली नाही. चौथी दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, एक घुंगरू दोऱ्याने बांधलंय.

शिपाई दारात उभा होता. "सर, ही तर त्या पोरीची रीत."

"तू घंटा दे," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी साताऱ्याच्या संमेलनात मी 'खूण सांगा' हा उपक्रम मांडला. कल्पना कुठून सुचली, असे कुणीतरी विचारले. अनुभवातून, असे मी सांगितले. शाल मिळाली, नारळ मिळाला, पेपरात फोटोही आला.

ती मुलगी कुपवाडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले. लेक सांगलीत असते, तिच्याकडे जायचे निमित्त काढले आणि पाळी सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभा राहिलो. एसटीत सगळ्या वाटेने वाक्य घोकले होते : पोरी, तू चोर नव्हतीस, चूक माझी होती, आणि ती मला त्याच महिन्यात कळली होती.

गाड्यांच्या गर्दीतून तिनेच मला ओळखले. स्कूटर बाजूला घेतली, वाकून नमस्कार केला. बरोबरच्या बायकांना म्हणाली, "हे आमचं हेडसर. लय शिस्तीचं!"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, पेपरात वाचलं हुतं तुमचं, खुणेचं. आबांना वाचून दाखिवलं. आबा लय हसलं."

तिच्या चेहऱ्यावर टोमण्याचा भाव आहे का, ते मी शोधले. नव्हता. आणि असता तर फार बरे झाले असते.

"आबा कसे आहेत?"

"गेलं की, मागच्या साली."

मागून हॉर्न वाजू लागले. तिने स्कूटर सुरू केली आणि मी काहीतरी बोलणार आहे असे वाटून थांबली. मी तोंड उघडले.

"हेल्मेटचा पट्टा लाव," मी म्हणालो.

"व्हय सर," म्हणून तिने तो लावला.